पहिली ओंजळ

दयेची तसबीर माझ्या घरी यायची पाळी आली, तेव्हा दार लावून बसावं असं मनात आलं होतं. पण तसं केलं असतं तर आळी म्हणाली असती, लिडिया टीचरने प्रभूला दारातून परत पाठवलं. माझ्याबद्दल बोलायला आळीकडे विषय आधीच भरपूर होते, त्यात भर कशाला. म्हणून स्टुलावर धुतलेलं कापड अंथरलं, मेणबत्ती लावली आणि बायकांची वाट बघत बसले.

ती तसबीर त्या वर्षी आमच्या गावात घरोघर फिरत होती. पांढऱ्या झग्यातला येशू, छातीतून निघालेले लाल नि फिकट किरण, आणि खाली त्याच्यावर भरवसा ठेवायची एक ओळ. एकेका घरी आठवडाभर मुक्काम. रोज दुपारी तीनला, म्हणजे प्रभूने क्रुसावर प्राण सोडला त्या वेळेला, बायकांनी जमून दयेची जपमाळ म्हणायची, चहा प्यायचा, त्या घरच्या सुनेचे दोष डोळ्यांनी टिपायचे आणि निघायचं. मला सून नाही, नवराही नाही, त्यामुळे माझ्याकडे त्यांची थोडी निराशाच होणार होती. या सगळ्या दयेची पुढारीण होती पॉलिन, माझ्या धाकट्या भावाची, व्हिन्सेंटची बायको. आमचे बाबा गेल्यापासून त्यांच्या आणि माझ्या घरात बोलणं नव्हतं. दोन घरांच्या मध्ये केळीची एक रांग होती, तीही वाळत आलेली.

पॉलिन तसबीर छातीशी धरून आली, नेहमीसारखी मान एका बाजूला कलती करून. सगळ्या जगावर दया कर, दया कर असं आम्ही घोकून घोकून म्हटलं. चहा झाला. बाकीच्या गेल्या, ही मागे रेंगाळली. तेव्हा कळलं की तसबिरीच्या मागून एक अर्जही आला होता.

कॅरलचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. कॅरल म्हणजे यांची एकुलती एक मुलगी. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या घरच्या बायका बँड लावून घराण्याच्या विहिरीवर जातात, सजवलेल्या कळशा भरून आणतात आणि त्या पाण्याने दुसऱ्या दिवशी नवरीला अंघोळ घालतात. हे बऱ्याच ठिकाणी चालतं. पण आमच्या आळीची त्यात एक जास्तीची रीत आहे. कळशा भरायच्या आधी पहिली ओंजळ नवरीच्या बापाने प्यायची, सगळ्यांसमोर 'गोड हाय' म्हणायचं, म्हणजे या घरचं पाणी चांगलं अशी त्याने साक्ष दिली. मग बाकीचं सगळं. आता घराण्याची विहीर माझ्या वाट्याला आलेली. तिच्यावर लोखंडी जाळी आणि जाळीला हे एवढं मोठं कुलूप.

"बाय, एवढी तरी दया कर," पॉलिन म्हणाली. "प्रभू बघतोय."

मी म्हटलं, "प्रभू तेव्हापन बघत होता." आणि बिस्किटांची बशी उचलून आत गेले.

आळीच्या मते मी कंजूष आणि कजाग. बापाची विहीर बळकावून बसलेली, सख्ख्या भावाला पाण्याचा थेंब न देणारी म्हातारी कुमारिका. जमिनीचं भांडण, दुसरं काय, असं सगळे म्हणायचे. मी कधी खोडून काढलं नाही. का काढलं नाही, ते सांगते.

बाबांची विहीर आळीत सगळ्यांत गोड होती. अर्ध्या आळीच्या लग्नांचं पाणी तिथून जायचं, फादरांच्या घरचं प्यायचं पाणीसुद्धा. बाबांचं नाव गॅब्रिएल, पण लोक त्यांना गोड्या विहिरीचा गाब्रू म्हणायचे, आणि ते ऐकून बाबांची छाती फुगायची. वाडीत केळी, पानवेल, कडेने मोगरा. पुढे वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडचा तुकडा व्हिन्सेंटने मागून घेतला. केळीचं त्याला काही पडलेलं नव्हतं. रस्ता लागत होता, कारण रस्त्यावर टँकर उभा राहतो.

तेव्हा स्टेशनपलीकडे इमारतींमागून इमारती उठत होत्या. लोक कर्ज काढून फ्लॅट घेत होते आणि नळाला पाणी नव्हतं. व्हिन्सेंटने बोअर मारली, पंप बसवला आणि टँकर भरून एव्हरशाईनच्या इमारतींकडे, वालीवच्या कारखान्यांकडे, मागेल तिकडे पाठवायला लागला. टँकरवर लाल अक्षरांत 'दयासागर' लिहून घेतलं. कोणी म्हणालं, अरे जमीन कोरडी पडेल, तर याचं उत्तर तयार. तहानलेल्याला पाणी देणं हे दयेचं काम आहे, धर्मशिक्षणात शिकवलंय. शिकवलंय खरं. रविवारच्या वर्गात ते उत्तर त्याच्याकडून मीच पाठ करून घेतलं होतं. विकत द्यावं असं कुठल्या प्रश्नोत्तरात होतं, ते मला आठवत नाही.

समुद्र आमच्यापासून लांब नाही. जमिनीच्या पोटातलं गोडं पाणी उपसलं की रिकाम्या जागेत तो येतो, त्याला आमंत्रण लागत नाही. आधी आमच्या घरात चहा फाटायला लागला. मग मोगऱ्याची पानं कडेने करपली. मग एका उन्हाळ्यात बाबांनी विहिरीचं पाणी तोंडात घेतलं, गिळलं आणि बराच वेळ कठड्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ते टँकरजवळ व्हिन्सेंटकडे गेले. मी केळीच्या अलीकडे उभी होते, मला सगळं ऐकू आलं. माझ्या बापाने जन्मात कोणापुढे हात जोडले नव्हते, फक्त वेदीपुढे. त्या दिवशी पोटच्या पोरापुढे जोडले. थांबव रे, दया कर, म्हणाले. व्हिन्सेंट म्हणाला, पाऊस पडला की होईल सगळं ठीक, तुम्ही उन्हात कशाला आलात, घरी जा. पंप चालूच राहिला.

पाऊस पडला. विहीर थोडी निवळली आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी खारी झाली. पण माझ्या बापाची तऱ्हा बघा. त्याने कोणाला कळू दिलं नाही. कठडा ढासळायला आलाय, कोणी पडाल बिडाल, असं सांगून लोकांना पाणी भरायला बंदी केली. मोगऱ्यावर रोग पडलाय म्हणाला. स्वतः मात्र तेच पाणी प्यायचा, कोणी आलं की त्याच्यासमोर मुद्दाम प्यायचा आणि म्हणायचा, "गोड हाय." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खाटेला खिळल्यावर माझा हात जपमाळेवर ठेवून त्याने वचन घेतलं की पोराची अब्रू जाऊ देणार नाहीस. मग तो गेला. डॉक्टरांनी मरणाचं कारण वेगळं लिहिलं, पण मला माझं कारण माहीत होतं. मी वचन पाळलं, विहिरीला कुलूप घातलं आणि बोलणी खात राहिले. बापाने पोरावर दया केली, तिची किंमत मात्र लेकीने भरायची, ही पद्धत मला अजून कळलेली नाही.

तेव्हापासून मी पलीकडच्या वाडीतल्या जयवंतीकडचं पाणी पिते. तिची विहीर समुद्रापासून आत आहे, अजून गोडी आहे. ती भाजी घेऊन माणिकपूरच्या बाजारात बसायला जाते, जाता जाता माझ्या ओट्यावर एक कळशी ठेवते आणि रिकामी उचलते. तुमच्या विहिरीचं काय झालं हे तिने कधी विचारलं नाही. मीही कधी आभार मानले नाहीत. शेजारीण आहे, असं धरून चाललं होतं.

पॉलिनचा अर्ज मी फेटाळला, तर तो वर गेला. फादर आग्नेलनी मला बोलावून घेतलं. फादर तरुण, दुसऱ्या गावचे, नुकतेच बदलून आलेले. सत्तरदा सात वेळा क्षमा करावी असं प्रभूने पेत्राला सांगितलंय, याची त्यांनी मला आठवण करून दिली. मी म्हटलं, फादर, गणित मी शाळेत आयुष्यभर शिकवलंय. त्याला एकदा तरी मागू दे, मग आपण सत्तरदा सातचं बघू. त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मागतात ती याची बायको आणि तुम्ही.

"दया मागितल्यावर द्यायची नसते, टीचर," फादर म्हणाले. "ती आधी द्यायची असते."

"मग ती नेहमी ज्याचं गेलंय त्यानेच का द्यायची? ज्याने नेलं त्याच्याकडे तसबीर का नाही नेत कोणी?"

फादरांनी विषय बदलला आणि सांगितलं की त्या दोघांच्या घरी पण काही सुख नाही, टँकरचा धंदा आता बसलाय, व्हिन्सेंटला रक्तदाबाचा त्रास आहे, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. मला हे सगळं ठाऊक होतं. आळीत कोणाच्या भाजीत मीठ किती, हेही लपत नाही. उठताना ते म्हणाले की शेवटी करायचं काय आहे, एक कुलूप तर उघडायचंय आणि लेकीच्या बापाला ओंजळभर पाणी तर प्यायचंय.

मी परत येताना रस्त्यात थांबलेच. ओंजळभर पाणी. हे मला आधी कसं सुचलं नाही?

मी तोंड उघडणार नव्हते, वचन मोडणार नव्हते. फक्त कुलूप उघडणार होते. उन्हाळा होता, पाणी सगळ्यांत खारं असण्याचे दिवस. सगळी आळी कठड्याभोवती असणार, बँडवाले असणार, आणि व्हिन्सेंटला पहिली ओंजळ प्यावी लागणार. प्यायला तर तोंड वाकडं होणार. नाही प्यायला तर का नाही प्यायला हे सांगावं लागणार. माझ्या बापाने जे लपवून ठेवलं, ते त्याच्या पोराच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसणार, आणि माझ्या हाताला कुठला डाग नाही. मीठ बंद असलं म्हणून काय झालं, ओंजळभर पाण्याने कोणी मरत नाही. मी तिथूनच मागे फिरले आणि फादरांना सांगितलं की मी विहीर उघडते.

फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी चर्चमधल्या मिस्सेत त्यांनी वेदीवरून माझं नाव न घेता माझं कौतुक केलं. नाव न घेताच सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. मिस्सेनंतर ज्या बायका मला बघून रस्ता बदलायच्या, त्यांनी येऊन हात हातात घेतले. एकीने सुके बोंबील पाठवले, एकीने केळफूल. दैवी दयेच्या मंडळात साक्ष द्यायला या, असं निमंत्रणही आलं. मी सगळ्यांकडे बघून गोड हसले. इतक्या वर्षांत मी एवढी आनंदात नव्हते, खोटं कशाला बोलू. या लोकांना दया आणि दगा यांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही, हे बघून तर मला रोज जेवण जास्त जात होतं.

एकटी कॅरल फसली नाही. ही मुलगी मला त्या घरातली एकच चालायची. लहान असताना ती केळीतून वाट काढून यायची, माझ्याकडे पाढे म्हणायची, आजोबांच्या मांडीवर बसून पेरू खायची. मोठी झाली, अंधेरीला ऑफिसात लागली, तरी रविवारी मागच्या दाराने एक फेरी व्हायचीच. तिच्या आईबापाबद्दल मी तिच्याजवळ कधी चकार शब्द काढला नाही. पोरीला बापाचा राग करायला शिकवणं मला जमलं असतं, पण मी ते केलं नाही, एवढं श्रेय माझं मला घेऊ द्या.

लग्नाच्या आठवड्यात ती आली आणि ओट्यावर बसली. ॲलिस्टरच्या घरच्यांनी मांडवाला काय रंग सांगितलाय वगैरे बोलत राहिली. ॲलिस्टर म्हणजे तिचा होणारा नवरा. मग मध्येच थांबून विचारलं.

"आत्या, तू विहीर का उघडतेयस?"

मी म्हटलं, तुझं लग्न आहे म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे बाबांसारखे आहेत, जरा जास्तच उघडे.

"मी आजोबांच्या हातचं पाणी प्यायचे, आत्या. मला चव आठवते."

मी ताटातले तांदूळ निवडत राहिले. तिने विनवलं असतं तर मी नमले असते का, कोण जाणे. पण तिने विनवलं नाही. बापाला सोड असं म्हणाली नाही, दयेचं नाव काढलं नाही. माझ्या ताटातले चार खडे निवडून तिने बाजूला टाकले आणि उठून गेली. मला वाटलं, समजूतदार मुलगी आहे, तिलाही वाटत असणार की बापाचं पितळ एकदा उघडं पडावं.

तो दिवस आला. तीनची जपमाळ संपवून पॉलिनच्या बायका निघाल्या, पुढे बँड, मागे लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, डोक्यावर झेंडूच्या माळा घातलेल्या कळशा. कुलुपाला गंज धरला होता, मी सकाळीच तेल घालून ठेवलं होतं. पहिली बादली मी स्वतः ओढली. कप्पी कुरकुरली तेव्हा दोनचार म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, म्हणाल्या, गाब्रूच्या विहिरीचा आवाज कितीतरी वर्षांनी ऐकला. मला बरंच वाटलं. म्हाताऱ्यांनी नीट बघावं हेच मला हवं होतं, त्यांचं तोंड आळीत सगळ्यांत जास्त चालतं.

व्हिन्सेंट पुढे आला. नवा शर्ट, केसांना कलप, मानेवर घाम. इतक्या वर्षांनी आम्ही एकमेकांच्या एवढे जवळ उभे होतो. त्याला सगळं कळलेलं होतं, हे त्याने ओंजळ पुढे केली त्यावरूनच समजलं. बोटं त्याने जुळवलीच नव्हती. मी तांब्याने पाणी ओतलं. ते त्याच्या बोटांच्या फटींतून गळत होतं आणि तो गळू देत होता. सगळं गळून गेलं तर प्यायला नको, असा हिशेब असावा. मी पुन्हा ओतलं. बँडवाले थांबले होते. आळी बघत होती. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते मी ओळखलं, पण मी तांब्या तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात कॅरल मध्ये आली. तिने आपले हात बापाच्या हातांखाली धरले, त्याच्या ओंजळीतलं पाणी स्वतःच्या ओंजळीत घेतलं आणि प्यायली. एक म्हातारी म्हणाली, अगं, बापाने प्यायची असते. कॅरलने उरलेलंही प्यायलं. तिचा गळा हलताना मला दिसला. चेहऱ्यावर सुरकुती नाही. मग तोंड पुसून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गोड हाय."

ही मुलगी आमच्याशीही ऑफिसातलं मराठी बोलते. 'हाय' तिच्या तोंडात मी कधी ऐकलं नव्हतं. ते शब्द तिचे नव्हतेच, तो माझ्या बापाचा आवाज होता, त्याच विहिरीवरचा, तोच खोटा.

आणि व्हिन्सेंटने काय करावं? आता तरी पुढे होऊन, थांब पोरी, माझी आहे ती, असं म्हणावं की नाही? तो हसला. सुटल्यासारखा मोठ्याने हसला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "पोरगी प्याली म्हंजे मीच प्यालो." लोक हसले. बँड सुरू झाला. कळशा पुढे सरकल्या.

मला ओरडायचं होतं. घोटभर तुम्ही पण प्या, म्हणायचं होतं, मग कळेल काय गोड आहे ते. पण ओरडले असते तर कॅरल खोटी पडली असती, लग्नाच्या आदल्या दिवशी, ॲलिस्टरची मावशी तिथे उभी असताना. मी दात आवळले आणि कळशा भरत गेले, एकेक करून सगळ्या. लहानपणापासून मी वेदीवरच्या क्रुसाकडे बघत आलेय आणि निरपराध्याने अपराध्यासाठी प्याला घेतला, हे मुलांना शिकवतही आलेय. पण ज्यांच्यासाठी घेतला ते खाली उभे राहून हसले असतील आणि बँडमागून घरी गेले असतील, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. असली दया मला बघवत नाही. फादर आग्नेल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, टीचर, आज प्रभू या विहिरीवर होता. मी म्हटलं, होता ना, फादर, पण तुम्ही बघत होतात भलत्याच माणसाकडे.

सगळे गेले. मी जाळी लावली, कुलूप लावलं आणि ओट्यावर येऊन बसले. पलीकडे मांडवात गाणी चालली होती. ओंजळभर पाणी कॅरलच्या पोटात गेलं होतं ते माझ्या तांब्यातून, हे काही केल्या मनातून जाईना. ज्याच्यासाठी वाढलं त्याने खाल्लं नाही, आणि जिच्या केसाला धक्का लागू नये तिला भरवून बसले. शिवाय उद्या सकाळी हळद लावलेल्या अंगावर तेच खारं पाणी ओतणार. पॉलिन ओतणार, आनंदाने ओतणार, कारण विहिरीवर प्रभू होता.

ओट्यावर सकाळची जयवंतीची कळशी होती, जवळजवळ भरलेली. मी पाणी प्यायला गेले आणि हातातला पेला तसाच राहिला. इतकी वर्षं ही बाई रोज मला पाणी देत होती. तहानलेल्याला पाणी देणं, हे उत्तर मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं, आणि रोज ओट्यावर येऊन पडत होतं तेव्हा मला दिसलं नाही. दिसलं नाही कारण जयवंतीने त्याला कधी नाव दिलं नाही. तसबीर आणली नाही, प्रभू बघतोय म्हणाली नाही. तिने नाव दिलं असतं तर मी घेतलंच नसतं, मला मी ओळखते. मला माझाच राग आला, आणि त्याच रागात मी कळशी कमरेवर घेतली आणि केळीतून पलीकडे गेले.

मागच्या दाराने गेले. पुढे मांडवात पाहुणे होते आणि मला कोणाची वाहवा नको होती. कॅरल स्वयंपाकघरात एकटी होती, हातावर ओली मेंदी. मी कळशी खाली ठेवली आणि सांगितलं की उद्या अंघोळीला हे घे, ते पाणी झाडाला पण घालू नको, झाड मरेल. मग पेला भरून तिच्या तोंडाला लावला. ती एका दमात प्यायली. दुसराही प्यायली.

"आत्या, पप्पा प्याले," ती म्हणाली. "इथे, स्वयंपाकघरात. विहिरीवरच्या कळशीतून लोटा भरून घेतला आणि सगळा प्याले. मम्मी बीपीचं सांगत होती, हातातून ओढत होती, तरी प्याले."

"लोकांसमोर?"

"नाही. लोकांसमोर नाही."

मी म्हटलं, तेच तर. आणि निघाले. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात व्हिन्सेंट आला. कलप घामाने कपाळावर उतरला होता, ओठ कोरडे पडले होते, एका हाताने त्याने चौकट धरली होती. तो माझा धाकटा भाऊ, याला मी कडेवर घेऊन मिस्सेला नेलेलं आहे. मला त्याची कीव आली नाही. आली असती तर सांगितलं असतं.

"बाय," तो म्हणाला, "घोटभर पानी दे."

त्याने क्षमा मागितली असती, तर मी नाही म्हटलं असतं. त्यासाठी माझी वर्षानुवर्षांची तयारी होती, शब्द जिभेवर होते. फादर आग्नेलनी उभं राहून प्रवचन दिलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. पण त्याने पाणी मागितलं, आणि पाण्याला नाही म्हणायला माझ्या बापाने आम्हाला शिकवलं नव्हतं. कॅरल मेंदीचे हात वर धरून माझ्याकडे बघत होती. मी वाकले, कळशीतून पेला भरला आणि त्याच्यासमोर धरला. तो घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली तेव्हा मी हात मागे घेतला.

"जयवंतीचं हाय," मी म्हटलं. "माझं म्हणून पिऊ नको."